पावणेसहा फुटांचा स्टॉपर

गटारीच्या आदल्या दिवशी, २७ जुलै २०२२ ला, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी ब्रेक शूचे बॉक्स लावत बसलो होतो. पुतण्या मोबाइल नाचवत आला. "काका, खाटीक आला!" मला वाटलं उद्याच्या मटणाचं बोलतोय. गटारीला आमच्या घरी दोन किलो लागतं आणि रांगेला सकाळी सहाला उभं राहावं लागतं. पण त्याचं म्हणणं वेगळंच होतं. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबनं हॉलंडच्या आयाक्स क्लबकडून लिसान्द्रो मार्टिनेझ हा बचावपटू विकत घेतला होता आणि त्याचं टोपणनाव 'ॲमस्टरडॅमचा खाटीक'. श्रावण लागायला दोन दिवस राहिलेले, आणि आमच्या क्लबनं खाटीक आणला!

किंमत ५ कोटी ७३ लाखांवर युरो, शिवाय अटी पुऱ्या झाल्या तर आणखी १ कोटी. रुपयांत साडेचारशे कोटींच्या पुढं. करार २०२७ पर्यंत. वय २४. पोग्बा गेल्यावर रिकामी झालेली ६ नंबरची जर्सी. पुतण्या हे सगळं घडाघडा सांगत होता. मी एकच विचारलं, "उंची किती?"

"एकशे पंचाहत्तर सेंटिमीटर."

काउंटरखालचा टेप काढून बघितलं. पावणेसहा फूट. तेही चप्पल घालून.

माझी स्वतःची उंची साडेपाच. १९९४ ते २००१ अशी सात वर्षं आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमकडून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर स्टॉपर खेळलो, म्हणजे गोलकीपरच्या पुढं मधोमध उभा राहणारा बचावपटू. खरा होतो हाफ, मधल्या फळीतला. पण ऐन सीझनमध्ये आमच्या स्टॉपरचा गुडघा गेला आणि अण्णांनी मला मागं ओढलं ते कायमचंच. अण्णा आमचे कोच, त्याआधी गोलकीपर. आता अडुसष्टाचे आहेत, गुडघ्यांवर तेल चोळत रोज संध्याकाळी दुकानासमोरच्या कट्ट्यावर येतात. मार्टिनेझचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, "आरं, स्टॉपर म्हंजे भिंत पायजे. ह्यो तर कट्टा हाय."

मी म्हटलं, "अण्णा, मग मला कशाला उभं केलं होतं तिथं?"

"दुसरं कोण हुतं?"

तर हे लिहितोय सप्टेंबर २०२२ मध्ये, लीगच्या सहा आणि युरोपातली एक, अशा सात मॅच झाल्यात. युनायटेडचा समर्थक मी १९९९ च्या बार्सिलोनातल्या त्या फायनलपासून, पण बुटक्या स्टॉपरकडं बघताना समर्थकाचा चष्मा माझ्या डोळ्यावर राहत नाही. त्याची प्रत्येक चूक मला आधी कळते, कारण ती मी केलेली असते.

पहिली मॅच ७ ऑगस्टला, ब्रायटनविरुद्ध, घरच्या मैदानावर. १-२ हरलो. पास्कल ग्रोसनं पहिल्या हाफमध्येच दोन मारले. आपल्याच क्लबात वाढलेला, आता त्यांच्याकडून खेळणारा डॅनी वेलबेक दिवसभर आमच्या दोन स्टॉपरांच्या मधल्या फटीत पळत होता. मार्टिनेझच्या शेजारी दुसरा स्टॉपर मॅग्वायर. दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्यासारखे दोघंही एकाच बॉलवर जायचे, नाहीतर दोघंही थांबायचे. एकदा तर मार्टिनेझनं मोठ्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात, वेलबेकच्या पाठीवर सरळ हात टेकवून ढकलला. पेनल्टी मिळाली नाही हे नशीब. शाहू स्टेडियमवर असतं तर समोरच्या टीमचे समर्थक जाळीवर चढले असते. पहिलाच दिवस म्हणून मी सोडून दिलं.

१३ ऑगस्टची ब्रेंटफर्डची मॅच मात्र सोडून देण्यासारखी नव्हती.

रात्री दहाला सुरू झाली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत सात-आठजण बसलो होतो. मेडिकलवालाही आला होता, तो लिव्हरपूलचा समर्थक. आमच्या मॅचला तो मुद्दाम येतो, तेही खारे शेंगदाणे घेऊन. पस्तीस मिनिटांत चार गोल झाले. ०-४. पहिला आमचा गोलकीपर द खेया याच्या हाताखालून घरंगळत गेला. दुसऱ्यात त्यानंच मोठ्या डीच्या तोंडाशी आमच्या हाफला, एरिक्सनला, असा पास दिला, की ब्रेंटफर्डच्या येन्सननं काढून घेतला आणि मारला. या दोन्हीत मार्टिनेझचा काही संबंध नाही. चौथा काउंटर ॲटॅकवर गेला, तेव्हा तर आमचं मागं कुणीच नव्हतं. पण तिसरा त्याच्याच नावावर जातो. कॉर्नर आला, त्यांचा फॉरवर्ड टोनी यानं हेडनं बॉल गोलसमोर वळवला, आणि छोट्या डीत त्यांचा 'बेन मी' नावाचा स्टॉपर मार्टिनेझच्या वरून, त्याला बाजूला सारून, गोल करून मोकळा झाला.

पुतण्या तेवढ्यात चहा आणायला गेला होता. परत येऊन विचारतो, "गोल कुणी केला?"

मेडिकलवाला म्हणाला, "मी."

पोरगं दोन मिनिटं त्याच्याकडं बघत राहिलं. त्या रात्रीचं तेवढंच हसणं. हाफटाइमला आमचा कोच टेन हाख यानं तिघांना बाहेर काढलं, त्यात मार्टिनेझ होता. रात्र संपली तेव्हा युनायटेड टेबलाच्या तळाला. दुसऱ्या दिवशी म्हणे सगळ्यांना उन्हात १३.८ किलोमीटर पळवलं, कारण मॅचमध्ये ब्रेंटफर्डवाले आमच्यापेक्षा तेवढंच जास्त पळाले होते. ही शिक्षा अण्णांना फार आवडली.

तो तिसरा गोल मी मोबाइलवर पंधरा-वीस वेळा तरी बघितला असेल. सगळे म्हणाले, उंची कमी पडली. पण बेन मी काही ताडमाड नाही, सहा फुटांच्याही आतला, मार्टिनेझपेक्षा जेमतेम दोन इंच जास्त. मग गोल कसा झाला? तर टोनीच्या डोक्यावर बॉल असताना मार्टिनेझ बॉलकडं बघत होता आणि पाय दोन्ही जमिनीवर सपाट होते. बेन मी मात्र आधीच पुढं झुकलेला. तिथं सहा फूट दोन इंचाचा स्टॉपर असता आणि तोही असाच सपाट पायांवर उभा असता, तरी हाच गोल झाला असता. फरक एवढाच, की उंच माणूस अशी चूक दहादा करतो तेव्हा सहादा त्याचं डोकं त्याला वाचवतं. आम्हाला प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते.

मला हे चांगलंच माहीत आहे. एका सेमीफायनलला लांबचा थ्रो मागच्या खांबाकडं आला आणि मी असाच सपाट उभा होतो. त्या गोलाला यंदा तेवीस वर्षं झाली. पेठेत लग्नाच्या पंगतीत वाढपी अजून विचारतो, "काय, थ्रो आला काय?"

ब्रेंटफर्डनंतर जेमी कॅराघर टीव्हीवर सांगू लागला, की एवढ्या उंचीचा स्टॉपर चौघांच्या बचावफळीत प्रीमियर लीगमध्ये चालणार नाही. हा लिव्हरपूलचा जुना स्टॉपर, त्यामुळं मेडिकलवाल्यानं ते वेदवाक्य करून टाकलं. खरं सांगायचं तर बोलण्यात तथ्य होतं. हॉलंडच्या लीगमध्ये आयाक्सच्या पायात बॉल जास्त वेळ असतो, समोरची टीम मागं बसते, स्टॉपर अर्ध्या मैदानात उभा राहून पास वाटतो. इंग्लंडमध्ये मधल्या फळीतली टीमसुद्धा गोलकीपरकडून सरळ साठ मीटरची किक मारते आणि आपला सर्वात धिप्पाड माणूस तुमच्या सर्वात बुटक्या माणसाच्या अंगावर सोडते. ब्रेंटफर्डनं दुसरं काय केलं? टोनीला मार्टिनेझच्या बाजूला उभा केला आणि बॉल वर मारत राहिले. उंची झाकता येत नाही. समोरच्या कोचला ती पहिल्या दिवशी दिसते.

पण 'चालणार नाही' हे मला पटत नाही. २००६ चा वर्ल्ड कप उचलणारा इटलीचा कॅप्टन कान्नावारो स्टॉपरच होता आणि त्याची उंची पावणेसहाच्या वर अर्धा इंचही नव्हती. त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, त्यालाच मिळाला. १९७८ ला अर्जेंटिनाचा कॅप्टन पासारेला, तो तर पावणेसहालाही कमी. नावं अजून आहेत. अण्णांनी मात्र लगेच नेमकं बोट ठेवलं. "कान्नावारोच्या शेजारी कोण हुता त्ये बी सांग की." नेस्टा जखमी झाल्यावर मातेरात्झी होता, सव्वासहा फुटांच्याही वरचा. म्हणजे बुटका स्टॉपर एकटा विकत घेऊन चालत नाही. त्याच्यासोबत एक उंच जोडीदार लागतो आणि लाइन सोडून पुढं येणारा गोलकीपर लागतो. आमच्याकडं पहिला आहे. दुसऱ्याबद्दल अण्णांचं मत असं, की द खेयाला कुणीतरी खांबाला दोरी लावून बांधलंय.

बुटक्यानं हेड कसा खेळायचा, हे अण्णांनीच मला खासबागेत नेऊन शिकवलं होतं. मैदानावर नव्हे, कुस्त्या बघायला. उंच पैलवानाशी बुटका पैलवान मानेला मान लावत बसला तर संपला. तो पटात शिरतो. खाली जातो, समोरच्याची कंबर हलवतो आणि उंची निकामी करून टाकतो. फुटबॉलमध्येही तेच. हेड जिंकायच्या भानगडीत पडायचंच नाही, समोरच्याचा हेड बिघडवायचा. तो उडायच्या आधी अर्धा क्षण आपला खुबा त्याच्या मांडीला लागलेला पाहिजे, मग तो सरळ उडूच शकत नाही. वाकडा उडतो, बॉल कपाळाला न लागता टाळूला लागतो आणि भलतीकडं जातो. मग खाली पडणाऱ्या बॉलवर बुटकाच आधी पोचतो, कारण तो वर गेलेलाच नसतो.

ही गोष्ट मार्टिनेझला येते की नाही, ते मी लिव्हरपूलच्या मॅचला बघायचं ठरवलं.

२२ ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार. संध्याकाळी उपवास सोडला आणि रात्री साडेबाराला टीव्हीसमोर बसलो. टेन हाखनं मॅग्वायर आणि रोनाल्डो दोघांना बाहेर बसवलं होतं. मार्टिनेझच्या शेजारी राफाएल वरान. सहा फूट तीन इंच, रेआल माद्रिदमधून आलेला, चेहऱ्यावर सुरकुती नाही. दहा मिनिटांत कळलं, की मागच्या दोन मॅचमध्ये बघितलेला माणूस हा नव्हेच. लांबचा उंच बॉल आला, की वरान सरकून तो घेणार आणि मार्टिनेझ त्याच्या मागं तिरका, खाली पडेल ते गोळा करायला. जमिनीवरचा बॉल आला, की मार्टिनेझ पुढं झेपावणार आणि वरान मागं थांबणार. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. नवरा-बायकोनं न बोलता पाहुण्यांची उठबस करावी तसं चाललं होतं.

पहिल्या हाफच्या शेवटी कॉर्नरच्या गोंधळात आमच्याच ब्रुनोनं बॉल आपल्याच गोलकडं मारला. गोललाइनवर मार्टिनेझ उभा. अंगावर घेऊन परतवला. आणि नंतर मूठ आवळून असा ओरडला, की जणू गोलच मारलाय. ही त्याची खोडच आहे. टॅकल केली, बॉल अडवला, थ्रो मिळवला, प्रत्येक वेळी जोडीदाराच्या हातावर टाळी आणि डरकाळी. माझ्या बायकोला हे नाटक वाटतं. मला नाही वाटत. ज्याला पहिल्या पाच मिनिटांत समोरचा फॉरवर्ड वरून खालीपर्यंत मोजून घेतो, त्याला हा आवाज लागतो. मीही ओरडायचो.

आम्ही २-१ जिंकलो. लिव्हरपूलचा तो एक गोल हेडचाच होता, पण तो केला सालाहनं, तोही पावणेसहा फुटांचाच! मेडिकलवाल्याला मी रात्री अडीचला फोन करून हे सांगितलं. त्यानं उचलला नाही. सकाळी सांगितलं.

त्यानंतर साउदॅम्प्टन १-०, लेस्टर १-०, दोन्ही परक्या मैदानावर आणि दोन्हीकडं गोल न खाता. साउदॅम्प्टनच्या मॅचमध्ये, श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, मला हवी होती ती गोष्ट बघायला मिळाली. चे ॲडम्स अंगानं दणकट गडी. बॉल हवेत असताना मार्टिनेझ त्याच्या मागं उभाच राहत नव्हता. कधी शेजारी, कधी पुढं, आणि उडायच्या आधी खुबा बरोबर लागलेला. पटात शिरला होता! मी उठून उभा राहिलो, अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "बगितलं. बस खाली." ऑगस्टचा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून समर्थकांनी मग त्यालाच निवडलं. ब्रेंटफर्डच्या हाफटाइमपासून तिथपर्यंत पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

आता त्याच्या डाव्या पायाबद्दल. खरं तर साडेचारशे कोटी त्याचेच आहेत, आणि उंचीच्या गदारोळात त्यावर कुणी बोलतच नाही.

आमच्याकडं डाव्या बाजूचा स्टॉपर कित्येक वर्षं उजव्या पायाचा होता. मॅग्वायर २०१९ मध्ये आठ कोटी पाउंडांना आला, तो उजव्या पायाचाच. डाव्या बाजूला उजव्या पायाचा स्टॉपर म्हणजे दाराला बिजागरी उलट्या बाजूला बसवल्यासारखं. दार उघडतं, पण प्रत्येक वेळी आपण आधी बाजूला सरकायचं. बॉल आला, की तो आतल्या अंगाला वळणार, उजव्या पायावर घेणार, मान वर करणार, तोवर समोरचा फॉरवर्ड येऊन चिकटलेला. मग बॉल परत गोलकीपरकडं. मार्टिनेझ तोच बॉल डाव्या पायानं बाहेरच्या अंगाला घेतो. एका टचमध्ये त्याच्यासमोर तीन वाटा उघडतात: लाइनवर बॅकला, मधून हाफला, नाहीतर तिरका लांब विंगरला. तिसरी वाट त्याची आवडती. बॉल वर जातच नाही, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून सणसणत जातो.

आणखी एक गंमत पुतण्यानं दाखवली, मला ती आधी दिसली नव्हती. पास देताना मार्टिनेझ लाइनकडं बघतो, खांदाही तिकडंच वळवतो, आणि बॉल मात्र मधून देतो. समोरचा हाफ फसून दोन पावलं बाहेर जातो, आणि त्या दोन पावलांच्या जागेत एरिक्सन बॉल घेऊन वळलेला असतो. कॅरममध्ये क्वीनकडं नजर लावून भलतीच सोंगटी घेणारे असतात ना, तसा. स्टॉपरनं हे करणं म्हणजे नाद खुळा. टेन हाखनं आयाक्समध्ये तीन वर्षं त्याच्याकडून हेच करून घेतलं. तिथं तो अधूनमधून हाफही खेळला, लेफ्ट बॅकही खेळला, ते पायात दिसतं. आर्सेनलही त्याच्या मागं होती ती याचसाठी.

उजवा पाय मात्र चालण्यापुरता. हे चार मॅचमध्ये मला दिसलं, तर तिथल्या कोचांना दिसलं नसेल असं नाही. त्याला आतल्या अंगानं दाबलं, उजव्या पायावर ढकललं, की पास आखूड होतो नाहीतर सरळ बाहेर जातो.

दुसरा दोष हाताचा. वेलबेकच्या पाठीवर टेकवलेला हात काही अपवाद नव्हता. फॉरवर्ड पाठमोरा असला, की ह्याचा एक हात त्याच्या कमरेवर किंवा जर्सीत असतोच. इंग्लंडचे रेफरी पुष्कळ सोडतात, युरोपात सोडत नाहीत. ८ सप्टेंबरला रेआल सोसिएदादविरुद्ध पेनल्टी गेली ती मात्र त्याच्यावर अन्यायच होता. बॉल आधी मांडीला लागून मग हाताला लागला. आम्ही घरच्या मैदानावर ०-१ हरलो. रात्री अडीच वाजता, सकाळी विसर्जनाच्या मिरवणुकीला जायचं असताना, असं हरणं फार लागतं. अण्णा मात्र म्हणाले, "हात लांब हुता. हात लांब ठेवला की बॉल येतोयच." गोलकीपर माणसं पेनल्टीबद्दल अशीच निर्दय असतात.

तिसरा, आणि याचीच मला खरी भीती वाटते. तो झेपावतो. पास वाचून पुढं जाऊन बॉल काढून घेणं ही त्याची सर्वात देखणी गोष्ट, आणि सर्वात धोक्याचीही तीच. दहापैकी आठदा बॉल मिळतो आणि स्टेडियम उठून उभं राहतं. उरलेल्या दोनदा त्याच्या मागं सगळं पटांगण मोकळं. वरान शेजारी असला, की तो भरून काढतो. पण वरान वर्षातून किती मॅच दुखण्याशिवाय खेळतो, हे त्याच्या समर्थकांना वेगळं सांगायला नको. वरान बसला, मॅग्वायर आला, की पुन्हा ७ ऑगस्ट.

आर्सेनलची मॅच ४ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या रात्री. हॉलमध्ये गौरी बसलेल्या, बायकांच्या फुगड्या चाललेल्या, टीव्हीकडं जायची सोय नव्हती. जिन्यात बसून मोबाइलवर बघितली. आर्सेनल तोवर एकही मॅच हरली नव्हती. ३-१ ने हरवली. त्यांचा सेंटर फॉरवर्ड गाब्रिएल जेझुस, उंची एकशे पंचाहत्तर! पहिल्यांदाच दोघं डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. जेझुस सतत खाली उतरून हाफच्या जागेत बॉल मागत होता आणि मार्टिनेझ सोडत नव्हता, पार मधल्या रेषेपर्यंत त्याच्या मागं जात होता. फाउल झाले, धक्काबुक्की झाली. घरात "गौरी कशाच्या पावलांनी आली" चाललेलं आणि जिन्यात मी "काढ, काढ, काढ". सासूबाई येऊन बघून गेल्या.

तर पाचपैकी किती, असं पुतण्या विचारतो. मी पावणेचार देतो. उरलेला सव्वा कुठं गेला? उजव्या पायाचा अर्धा, हाताचा पाव, आणि अर्धा गोलकीपरचा, तो मार्टिनेझकडून कापणं खरं तर अन्याय आहे, पण मॅचमध्ये गोल कुणाच्या वाटणीचा ते बघून लागत नाही. पैसे जास्त गेले का? गेले. टेन हाखला तोच हवाय हे आयाक्सला माहीत होतं, त्यांनी ताणून घेतले. गिऱ्हाइकाला गाडी आजच्या आज चालू करून हवी आहे हे कळल्यावर मीही क्लच प्लेटला एक रुपया सोडत नाही.

अण्णांचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. ते म्हणतात, खरी परीक्षा २ ऑक्टोबरला. मँचेस्टर सिटी, त्यांच्या मैदानावर, समोर त्यांचा फॉरवर्ड हालंड. सहा फूट चार इंच, म्हणजे मधे सात इंचांचं अंतर, आणि तो उडतो तेव्हा ते आणखी वाढतं. भर नवरात्रात, रविवारी संध्याकाळी साडेसहाला. कट्ट्यावर पैज लागली आहे. मी म्हणतो, हालंड पायानं काय करायचं ते करू दे, पण मार्टिनेझ असताना हेडनं गोल करणार नाही. अण्णा म्हणतात, कॉर्नरवरच करील. हरणाऱ्यानं सगळ्या कट्ट्याला मिसळ द्यायची, दसऱ्यानंतर, कारण अण्णांना नऊ दिवसांचा उपवास असतो. मेडिकलवाल्यानं काल माणसं मोजली. मला वाटलं सात-आठजण असतील. त्यानं चौदा लिहिलेत.